छत्री खालून बघा



पावसाळा लागला की या सदराला येणाऱ्या निरोपांचं स्वरूप बदलतं. एरवी तुम्ही ट्रेकच्या वाटांबद्दल नाहीतर कॅमेऱ्याबद्दल विचारता. जून उजाडला की फोनवर फोटोच यायला लागतात. कुंडीतलं पिवळं काहीतरी, अंगणातलं पांढरं काहीतरी, आंब्याच्या वाळक्या फांदीवर पंख्यासारखं काहीतरी. खाली प्रश्न ठरलेले असतात: "हे काय आहे? आणि खायचं असतं का?"

पहिला प्रश्न मला फार आवडतो. त्या प्रश्नापायीच गेली काही वर्षं मी पावसाळ्यातले शनिवार-रविवार गुडघे चिखलात टेकवून काढतोय. दुसऱ्या प्रश्नाची मात्र मला भीती वाटते. या वेळी दोन्हींबद्दल लिहितो.

आपल्याकडं याला अळंबी म्हणतात, कुणी भूछत्र म्हणतं, आणि न खाण्यासारखं दिसलं की सरसकट कुत्र्याची छत्री. आपल्याला जमिनीवर दिसतं ते म्हणजे नुसतं फळ. मूळ जीव मातीत, पाचोळ्यात किंवा लाकडाच्या आत बारीक धाग्यांच्या जाळ्यासारखा पसरलेला असतो. वर्षभर तो तिथंच काम करत असतो, पानं-फांद्या कुजवून त्यांची माती करत असतो. ओल आणि ऊब जुळून आली की तो फळ वर पाठवतो. त्या फळातून बीजाणू, म्हणजे बियांसारखे अतिसूक्ष्म कण, वाऱ्यावर सोडले जातात. काम झालं की फळ कुजून जातं. बऱ्याच जातींचं हे सगळं दोन-चार दिवसांत आटोपतं.

आणखी एक गंमत म्हणजे ही वनस्पतीच नाही. तिच्यात हरितद्रव्य नसतं आणि पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात. खेकड्याच्या आणि झुरळाच्या कवचात असतं तेच कायटिन. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत विभागणी मांडली आणि त्यात बुरशीला स्वतंत्र सृष्टी दिली. पुढं कळलं की वंशवेलीवर बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे. आमच्या आजीच्या घरात श्रावणात अळंबी शिजत नसत, "ती काय भाजी नव्हे" म्हणून. आजी विज्ञानाच्या बरीच जवळ होती म्हणायची.

कुठं शोधायची?

हा छंद बेळगावकरांना जवळजवळ फुकटात मिळतो. कॅम्पातली जुनी झाडं आहेत, टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोचा झाडोरा आहे. थोडं पुढं गेलं की जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट. गोव्यातल्या वाचकांना तर कुळागराच्या बाहेरही पडायला नको. पण सुरुवात घराच्या आसपासच करा. पुढच्या दोन तर शहरातही भेटतात.

पहिली शिझोफायलम कम्यून. वाळक्या फांदीवर, तोडून ठेवलेल्या सरपणावर नखाएवढे राखाडी-पांढरे, लवदार पंखे दिसले तर बहुतेक हीच. वरून बघितलं तर विशेष काही वाटत नाही. खालून बघा. खालची प्रत्येक पट्टी लांबीत मधोमध चिरलेली असते. ऊन पडलं की त्या चिरा मुडपून मिटतात, पाऊस आला की पुन्हा उघडतात. अंटार्क्टिका सोडला तर ही प्रत्येक खंडावर आहे. आपल्यात नर आणि मादी असे दोन प्रकार असतात, तर हिच्यात असे प्रकार वीस हजारांहून जास्त आहेत.

दुसरी सायाथस, म्हणजे पक्ष्याच्या घरट्यासारखी दिसणारी. ही कुंडीत, लाकडाच्या भुश्यात, शेणखताजवळ उगवते. सेंटिमीटरभर वाटी आणि आत मसुरीच्या दाण्यांसारखी चपटी 'अंडी'. त्यांच्यात बीजाणू भरलेले असतात. पावसाचा टपोरा थेंब वाटीत पडला की अंडी उडून लांब जाऊन पडतात. एखाद्या ताईंनी कुंडीत गोगलगायीची अंडी समजून औषध फवारण्याआधी एकदा वाकून बघावं.

घाटात गेलात की मायक्रोपोरस झँथोपस दिसेल. पडलेल्या फांद्यांवर तपकिरी, चकचकीत नरसाळी, वर वर्तुळाकार रेषा आणि तळाशी पिवळा पाय. तिथंच कुकीनाचे केशरी-गुलाबी पेले असतात, पावसाचं पाणी धरून बसलेले. आणि नशीब असेल तर पांढरी जाळी नेसलेली फॅलस. तिची चाहूल नाकाला आधी लागते, कारण वास कुजल्यासारखा येतो. तो वास माशांसाठी असतो, टोकावरच्या चिकट थरातले बीजाणू त्याच नेतात. ही काही तासांत वर येते आणि दिवसभरात गळून जाते. फोटो हवा असेल तर सकाळी लवकर पोचलं पाहिजे.

फोटो कसा काढायचा?

"कॅमेरा कोणता?" असं सगळे आधी विचारतात. खिशातला फोन पुरतो. खरं काम गुडघ्यांचं आहे. उभ्यानं काढलेल्या फोटोत छत्री म्हणजे नुसता एक गोल दिसतो आणि गोल सगळ्यांचे सारखेच. अळंब्याच्या उंचीवर आलं पाहिजे. जुन्या पिशवीत किलोभर ज्वारी भरून ती जमिनीवर ठेवायची आणि फोन तिच्यावर टेकवायचा, म्हणजे हात हलत नाही. फ्लॅश बंद ठेवा, त्यानं ओल्या छत्रीवर पांढरा डाग येतो. सावली असेल त्या बाजूला वहीचं पांढरं पान धरलं की पुरेसा उजेड पडतो.

एका अळंब्याचे मी निदान पाच फोटो काढतो. वरून एक, बाजूनं एक. तिसरा खालून. चौथा दांड्याच्या बुडाचा, माती हलक्या हातानं बाजूला सारून. पाचवा आजूबाजूचा, म्हणजे ते लाकडावर आहे, शेणावर आहे, वारुळावर आहे की गवतात, हे कळतं. एखाद्या फोटोत शेजारी रुपयाचं नाणं ठेवलं की आकाराचा अंदाज येतो.

पाचांत महत्त्वाचा तिसरा. छत्रीखाली पट्ट्या आहेत, बारीक छिद्रं आहेत की दातरे आहेत, पट्ट्या दांड्याला चिकटल्यात की सुट्या आहेत, दांड्यावर कडं आहे का, या गोष्टींवर ओळख ठरते. त्यासाठी अळंबं उपटायची गरज नाही. फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करून फोन खाली सरकवायचा. सेल्फीचा इतका चांगला उपयोग मला दुसरा सापडलेला नाही.

घाटात जाताना जळवांसाठी मीठ ठेवा आणि पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीनं चाचपा, तिथं साप असू शकतो. भीमगड अभयारण्याच्या भागात अस्वलंही आहेत आणि त्यांना वाळवी आवडते. तेव्हा वारुळाशी फोटो काढत बसणारे आपण एकटेच नसतो, हे लक्षात ठेवायचं. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही आणि आत काहीही तोडायचं नाही.

काकूंची परडी

आता दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. गेल्या जुलैत संध्याकाळी शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. हातात परडी आणि परडीत सात-आठ मोठी पांढरी अळंबी, छत्रीवर तपकिरी खवले. सोसायटीच्या हिरवळीवर पावसानंतर ती गोल रिंगणात उगवली होती.

"बघ की, किती छान आलीत. आमच्या माहेरी खानापूरकडं आई अशीच आणायची. तू त्या ॲपात बघून सांग, म्हणजे फोडणीला टाकते."

ॲपनं दोन नावं दाखवली. एक खाण्याजोग्या जातीचं, दुसरं विषारी जातीचं. दोन्हींचे फोटो परडीतल्या अळंब्यांशी जुळत होते.

"काकू, फोडणी उद्यावर ठेवा. एक मला द्या," मी म्हटलं.

छत्रीचा दांडा कापला आणि अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घेऊन छत्री त्यावर पालथी ठेवली, म्हणजे पट्ट्यांची बाजू खाली. वर पातेलं झाकलं. रात्रभरात पट्ट्यांमधून बीजाणू खाली पडतात आणि कागदावर त्यांचा ठसा उमटतो. बीजाणू काळसर असतील तर पांढऱ्या बाजूला दिसतात, पांढरे असतील तर काळ्या बाजूला. हे करायला ना सूक्ष्मदर्शक लागतो ना इंटरनेट.

सकाळी पातेलं उचललं. ठसा मळकट हिरवा होता.

हिरव्या बीजाणूंची अळंबी फार थोडी. हिरवळीवरची, मोठी, खवल्यांची आणि हिरवा ठसा देणारी म्हणजे क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. उष्ण प्रदेशातल्या गवतावर ही सर्रास उगवते. कोवळी असताना तिच्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र असतात, त्यामुळं ती अगदी निर्मळ दिसते. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. लहान मुलांना आणि वयस्कांना ते चांगलंच भोवू शकतं.

काकूंनी कागद उजेडात धरून बघितला आणि परडी कचऱ्यात रिकामी केली. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो या लेखात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

"म्हणजे ठसा पांढरा आला असता तर खाल्ली असती तरी चाललं असतं?"

नसतं चाललं. ॲमानिटा नावाच्या कुळात जगातली सर्वांत जीवघेणी अळंबी आहेत आणि त्यांचा ठसा पांढराच येतो. ठशावरून "हे ते नव्हे" एवढं कळतं. "हे खा" असं ठसा कधीच सांगत नाही. फोटोही सांगत नाही, ॲप तर नाहीच. ॲप बघतं रंग आणि आकार. विष दोन्हींत दिसत नाही.

घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या परीक्षाही तितक्याच फसव्या. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, किडे-गोगलगायी खातात म्हणजे आपल्यालाही चालतं, उकळून पाणी फेकलं की विष जातं, यातली एकही खरी नाही. ॲमानिटातलं घातक विष शिजवून जात नाही. त्याची लक्षणं सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. मग उलट्या थांबतात, बरं वाटायला लागतं आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली विषारी अळंबी खाऊन १३ जणांचा जीव गेला. बहुतेक चहामळ्यांतली कुटुंबं होती, मुलंही होती.

कुणी रानातलं काही खाऊन आजारी पडलं तर आराम पडेल म्हणून वाट बघू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि उरलेलं अळंबं, शिजवलेलं असलं तरी, कागदात गुंडाळून बरोबर घ्या. बरं वाटलं म्हणून घरी परतू नका.

मग आईचं ज्ञान खोटं होतं?

काकू हळूच म्हणाल्या, "पण आई आणायची ती आम्ही वर्षानुवर्षं खाल्ली रे."

आईचं ज्ञान खरंच होतं. पण ते वारुळाचं ज्ञान होतं, हिरवळीचं नव्हतं. खानापूर, चंदगड, सत्तरीकडची माणसं ठरलेल्या वारुळावर, ठरलेल्या नक्षत्रात येणारी अळंबी ओळखतात, कारण त्यांच्या घरानं ती तिथंच बघितलेली असतात. जागा, वेळ आणि रूप या तिन्हींची मिळून ती ओळख असते. माणूस शहरात आला, जागा सुटली, आणि आठवणीत नुसतं रूप उरलं. घोटाळा होतो तो इथं.

वारुळावरची ही अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ साली हे नाव दिलं. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून तिथं ही रोयणीची अळमी. वाळवी वाळकं लाकूड आणि पानं खाते, पण ती तिला पूर्ण पचत नाहीत. म्हणून वारुळाच्या पोटात ती आपल्या विष्ठेचे जाळीदार मळे रचते आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. बुरशी लाकूड पचवते आणि वाळवी बुरशी खाते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, माणसाच्या शेतीला फार तर दहा-बारा हजार वर्षं झालीत. वाळवीशिवाय ही बुरशी फळायला तयार होत नाही, म्हणून बाजारातल्या बटण मशरूमसारखी तिची लागवड जमलेली नाही. जी मिळते ती सगळी रानातून येते.

म्हणूनच ती पावसाळ्यात मटणापेक्षाही महाग विकली जाते आणि म्हणूनच तिच्यावर संक्रांत आहे. छत्री उघडण्याआधीच्या कोवळ्या कळ्यांना जास्त भाव. कळी खुडली की तिचे बीजाणू कधीच वाऱ्यावर जात नाहीत. गोवा विद्यापीठातले नंदकुमार कामत यांनी गोव्यातल्या या अळंब्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि ती वाचवायला हवीत हे सातत्यानं सांगितलं. गोव्याचं वनखातंही अभयारण्यातून अळमी काढू नका असं बजावत असतं. रानालगतच्या ज्या घरांना या चार आठवड्यांत चार पैसे मिळतात त्यांना आपण शहरातून उपदेश करणं मला जड जातं. पण विकत घेणारे आपणच आहोत. उघडलेली घ्यायची आणि कळ्या नको म्हणायचं, एवढं तर आपल्या हातात आहे.

फोटो काढणाऱ्यांनाही पथ्य आहे. वारुळाचा फोटो टाकताना नेमकी जागा सांगू नका आणि फोनमधलं लोकेशन बंद ठेवा. मी एक वारूळ गेली चार वर्षं बघतोय. ते कुठं आहे हे घरातही सांगितलेलं नाही.

तुमच्या फोटोचा उपयोग

आतापर्यंत जगात बुरशीच्या सुमारे दीड लाख जातींना नावं मिळाली आहेत. २०१७ मधल्या एका अंदाजानुसार एकूण जाती २२ ते ३८ लाख असाव्यात. म्हणजे बहुतेकींना अजून नावच नाही. अशा विषयात हौशी माणसालाही काम उरतं. पीटर ससा लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटर आधी अळंब्यांची चित्रं काढत. १८९७ साली त्यांनी बीजाणूंच्या रुजण्यावर लिहिलेला निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत सादर झाला, पण बायकांना सभेत प्रवेश नसल्यानं त्या स्वतः हजर राहू शकल्या नाहीत. त्यांची चित्रं इतकी अचूक होती की १९६७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती इंग्लंडमधल्या अळंब्यांवरच्या एका पुस्तकात छापली गेली.

आपल्याकडं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर यांच्या नावानं बुरशीचा मोठा संग्रह आहे. वाळवून, नाव-गाव-तारीख लिहून ठेवलेले नमुने तिथं जपलेले आहेत. तुम्ही-आम्ही आपले फोटो आयनॅचरलिस्टवर तारखेसह टाकू शकतो. तिथं जागा धूसर ठेवायची सोय आहे आणि जाणकार नाव सुचवतात. कधी नाव मिळतं, कधी नुसतं कूळ. माझ्या निम्म्याहून जास्त फोटोंना अजून पूर्ण नाव नाही. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला प्रत्येक गोष्टीचं हो किंवा नाही असं उत्तर लागतं. पावसाळ्यात ती सवय जरा मोडते, आणि ते बरंच आहे.

अमावास्येच्या आसपास घाटात मुक्काम असेल तर एक करून बघा. टॉर्च बंद करून दहा-पंधरा मिनिटं शांत बसा. काही मायसीना जातींची बुरशी अंधारात मंद हिरवी उजळते. भीमाशंकरचं चमकणारं जंगल तुम्ही ऐकलं असेल, गोव्याच्या म्हादई अभयारण्यातही असा उजेड दिसलेला आहे. फोन ट्रायपॉडवर ठेवून तीस सेकंदांचा फोटो घेतला तर तो उजेड पकडता येतो. पण आधी डोळ्यांनी बघून घ्या.

या महिन्याचा गृहपाठ सोपा आहे. घरापासून शंभर पावलांच्या आत एक अळंबं शोधा. मुलं बरोबर घ्या, त्यांची नजर जमिनीजवळ असते. पाच फोटो काढा आणि पाठवा, त्यांतले निवडक पुढच्या अंकात घेऊ. खालून काढलेला फोटो नसेल तर काकूंना लावलं तसं तुम्हालाही थांबायला लावीन. आणि "खायचं का?" असं विचारलंत, तर उत्तर आत्ताच देऊन ठेवतो: भाजी मंडईतून आणा.

भेटू पुढच्या महिन्यात.